एकदाच ल्यालेल्या वस्त्राची दिल्ली

दिल्लीच्या लाल किल्ल्यातून प्रवासी बाहेर पडतो तेव्हा समोर चांदणी चौकाचा रुंद, सरळ रस्ता पसरलेला असतो. शाहजहानची कन्या जहानआरा हिने 1650 च्या सुमारास हा बाजार वसविला. मधोमध तलाव होता, त्यात चांदणे पडे, म्हणून हे नाव मिळाले असे सांगतात. तो तलाव आता नाही. 2021 साली रस्त्याचे नूतनीकरण होऊन त्याचा मुख्य भाग पायी चालणाऱ्यांसाठी राखण्यात आला. त्यामुळे वाचकहो, आपण मुलाबाळांसह आलात तरी येथे पूर्वीइतके जीव मुठीत धरून चालावे लागणार नाही. गल्ल्यांत मात्र जपावे लागेल, आणि आपल्याला गल्ल्यांतच शिरावयाचे आहे.

थोडे पुढे गेल्यावर डाव्या हाताला दरीबा कलाँ लागतो. ही चांदीच्या दागिन्यांची जुनी पेठ. तिच्यातून काही पावले चालून उजवीकडे वळले की किनारी बाजार. गल्ली इतकी अरुंद की समोरून डोक्यावर गठ्ठा घेतलेला हमाल आला तर दुकानाच्या पायरीवर चढून त्याला वाट द्यावी लागते. गोटा, किनारी, झालर, लटकन, टिकल्या, नवरदेवाचा सेहरा, पगड्या, नोटांचे हार. उत्तरेकडील लग्नात जे जे चमकते ते ते येथे मीटरने, डझनाने आणि वजनाने मिळते. मध्येच नौघरा नावाचे एक लहानसे आवार आहे. नऊ जुन्या हवेल्या, रंगविलेले दर्शनी भाग आणि एक जैन मंदिर. तेथे घटकाभर थांबावे. बाजाराचा गलका एकदम मागे राहतो.

पण आम्ही आपल्याला येथे खरेदीसाठी आणलेले नाही. लग्नात एकदाच अंगावर चढणाऱ्या भारी वस्त्राचे पुढे काय होते हे पाहावयाचे असेल, तर सुरुवात याच गल्लीपासून करावी लागते.

खरी जर कशी असते हे आपल्या आजीला नेमके ठाऊक होते. चांदीची तार केसासारखी बारीक ओढावयाची, दाबून चपटी करावयाची, रेशमी धाग्यावर गुंडाळावयाची आणि तिला सोन्याचा मुलामा द्यावयाचा. असे वस्त्र विरले तरी त्याची किंमत विरत नसे. जुनी जर विकत घेणारे व्यापारी काठपदर जाळून त्यातील चांदी काढीत आणि तिच्या वजनावर पैसे देत. महाराष्ट्रातल्या कितीतरी शालू-पैठण्यांचे काठही याच वाटेने गेले. उत्तम विणकाम भट्टीत गेल्याची हळहळ आज वस्तुसंग्रहालये चालविणाऱ्यांना वाटते, आणि ती रास्तच आहे. परंतु ज्या बाईने तो पदर विकला तिच्या बाजूनेही पाहावे. नवरा आजारी आहे, मुलाची फी भरावयाची आहे, दागिने केव्हाच गहाण पडले आहेत. अशा वेळी पेटीच्या तळाशी घडी घालून ठेवलेली ती चांदी तिची स्वतःची होती. कोणाला विचारावे लागत नव्हते.

आता हा आधार उरलेला नाही. आज बाजारात दिसणारी बहुतेक जर म्हणजे तांब्याच्या तारेवर चांदीचा नावापुरता मुलामा, किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर चढविलेली चकाकी. सुरतेत खरी आणि नकली अशी सर्व प्रकारची जर होते. लग्नाच्या लेहंग्यावर येते ती बहुधा दुसऱ्या जातीची. मग लेहंग्याला लाखाच्या घरात किंमत कशाची? ती कारागिराच्या हाताची. लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवितात, तिला अड्डा म्हणतात. अड्ड्याभोवती कारागीर मांडी घालून बसतात आणि आरीने व सुईने सलमा, डबका, सितारे, मोती एकेक करून टाचतात. भरगच्च कामाच्या एका लेहंग्यावर अनेक हात कित्येक आठवडे राबतात. बरेलीत, फर्रुखाबादेत, लखनौमध्ये हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले असून लखनौच्या जरदोजीला 2013 साली भौगोलिक निर्देशांकही मिळाला. मात्र ही कारागिरी भट्टीत वितळत नाही. दरीब्यातल्या सराफासमोर असा लेहंगा ठेवला तर तो हसून परत करील.

दुसरी वाट पश्चिम दिल्लीतील रघुबीर नगरात जाते. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण कोणत्या मराठी घराला ठाऊक नाही? दिल्लीत हा उद्योग मुख्यतः गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातील बायकांच्या हातात आहे. दिवसभर वसाहतींतून हिंडून, स्टीलच्या भांड्यांवर किंवा पैशांवर कपडे जमवून, त्या ते रघुबीर नगरच्या बाजारात आणतात. लोक त्याला घोडा मंडी म्हणतात. हा बाजार उजाडण्यापूर्वीच, विजेरीच्या उजेडात भरतो आणि सकाळ वर येऊ लागली की ओसरतो. लवकर उठण्याची तयारी असेल तरच जावे. छायाचित्रे घेण्यापूर्वी विचारावे, कारण ही प्रेक्षणीय जागा नसून कष्टाची जागा आहे. ल्यूसी नॉरिस या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी दिल्लीतील जुन्या कपड्यांच्या या व्यवहाराचा बारकाईने अभ्यास करून 2010 साली त्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. येथे आलेले रेशमी, भरजरी वस्त्र अखंड राहतेच असे नाही. त्याचे काठ कापले जातात, नक्षीचे तुकडे वेगळे होतात, त्यांच्या उशा, पिशव्या, तोरणे होतात. जनपथावर गुजराती बायका भिंतीवर लावण्याचे जे ठिगळकामाचे सुंदर पडदे विकतात, त्यांत कोणा अनोळखी वधूची ओढणी असू शकते. ही कलाही कमी नाही. पण ज्या बाईने दीड लाखाचा लेहंगा दिला तिच्या पदरात पडला तो एक कुकर.

दोन्ही बाजार एकाच दिवशी करण्याचा हट्ट धरू नये. दुसऱ्या दिवशी चांदणी चौकाच्या स्थानकावर मेट्रोच्या पिवळ्या मार्गाची गाडी धरून हौज खासला उतरावे, तेथून किरमिजी मार्गाने एक स्थानक पुढे पंचशील पार्क. जवळच शाहपूर जाट हे गाव आहे. गाव म्हणावयाचे, पण ते आता शहराच्या पोटात गेले आहे. अल्लाउद्दीन खिलजीने 1303 च्या सुमारास वसविलेल्या सीरी नगरीच्या तटाचे पडके अवशेष आजूबाजूला दिसतात. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था 1986 साली दिल्लीत सुरू झाली, ती येथून फार दूर नाही. खाली वधूवस्त्रांची दुकाने, वरच्या मजल्यावर अड्डे, आणि दोहोंमध्ये लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा असे या गावाचे रूप आहे. काचेआडचा लेहंगा आणि तो भरणारा कारागीर यांच्यात एका जिन्याचे अंतर असावे, हे दृश्य दिल्लीत इतरत्र सहसा दिसत नाही.

नामवंत रचनाकारांची, एकदाच वापरलेली वधूवस्त्रे अखंड स्वरूपात पुन्हा विकण्याची कल्पना याच जगाला लागून उभी राहिली आहे. गेल्या काही वर्षांत दिल्ली-मुंबईसारख्या शहरांत अशी दुकाने निघाली आहेत, आणि ती चालविणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत. येथे आमच्यासारख्या भाषांतर करणाऱ्याची एक अडचण सांगितली पाहिजे. या मालाला म्हणावे काय? ‘वापरलेले’ म्हटले की फरशी पुसण्याचा कपडा डोळ्यांपुढे येतो. हिंदीत, उर्दूत ‘उतरन’ असा शब्द आहे. पण त्याला अपमानाचा कडवटपणा चिकटलेला. अमरावतीत जन्मलेल्या उर्दू लेखिका वाजिदा तबस्सुम यांची ‘उतरन’ ही कथा ज्यांनी वाचली असेल, त्यांना मालकिणीच्या मुलीचे उतरलेले कपडे घालावे लागण्यातला दाह काय असतो हे सांगावयास नको. आईचा शालू लेकीने नेसला तर ते कौतुक, आणि परक्या बाईचा नेसला तर उतरन! आम्ही ‘एकदाच ल्यालेले’ असे म्हणतो. तेही लांबलचक आहे, पण खोटे नाही.

ही अढी दुकानदारिणीला रोज भेटते. त्या बाईचा संसार सुखाचा झाला का, असा प्रश्न गिऱ्हाईक हमखास विचारते. आमच्या मते त्याचे उत्तर देणे हे दुकानदारिणीचे काम नव्हे. कापड धुतलेले आहे, शिवण पक्की आहे, डाग कोठे आहे आणि कोठे नाही, एवढ्याची हमी तिने द्यावी. परक्याच्या संसाराची हमी तर भटजींनाही देता आलेली नाही.

आपल्यापैकी कोणी असे दुकान काढण्याच्या विचारात असेल, तर भांडवलापेक्षा पारख मोठी, हे प्रथम ध्यानात घ्यावे. माल विकत घेऊन भरण्याची गरज नसते. वस्त्र मालकिणीचेच राहते, दुकानात टांगले जाते, विकले गेले की दुकानदारीण ठरलेली अडत कापून बाकी रक्कम देते. धान्याच्या पेठेत पूर्वापार चालत आलेली ही रीत आहे. माल स्वतः विकत घेतला, तर वस्तू व सेवा कराच्या नियमांत जुन्या मालासाठी एक सोय आहे. समजा चाळीस हजारांना घेतलेला लेहंगा पंचावन्न हजारांना विकला, तर कर पंधरा हजारांच्या फरकावर बसतो, पूर्ण किमतीवर नव्हे. मात्र माल मूळ रूपात, फार तर किरकोळ दुरुस्ती करून विकलेला असावा आणि खरेदीवरील कराची वजावट घेतलेली नसावी. अडतीच्या व्यवहाराची मांडणी वेगळी असते. हिशेबनिसाचा सल्ला घ्यावाच.

खरी कसोटी पुढेच आहे. चांदणी चौकात प्रसिद्ध रचनाकारांच्या लेहंग्यांच्या हुबेहूब नकला उघडपणे मिळतात. आतला नामपट्टा शिवून लावावयास पाच मिनिटे लागतात. म्हणून मूळ पावती, लग्नातील छायाचित्र आणि उलट्या बाजूचे टाके या तिन्ही गोष्टी ताडून पाहाव्यात. हाताने भरलेल्या कामाच्या मागे गाठी, उड्या मारलेले धागे आणि थोडी असमानता दिसते. यंत्राच्या कामाची पाठ एकसारखी असते. नकली जरीचा मुलामा दमटपणाने, अत्तराने आणि घामाने काळवंडतो, तेव्हा काखेपाशी व गळ्यापाशी नीट पाहावे. सांभाळण्यासाठी मऊ मलमलीत गुंडाळावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, जरीवर अत्तर उडवू नये आणि सहा महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घालावी. भारी लेहंगा खुंटीला टांगून ठेवला तर स्वतःच्याच वजनाने कमरेपाशी फाटतो.

आणखी एक गोष्ट आहे, आणि आमच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची. लग्नात मिळालेले हे वस्त्र कोणाचे? माहेरचे म्हणतात आम्ही दिले, सासरचे म्हणतात आमच्याकडचा चढावा. कायद्याला याबाबत संशय नाही. 1985 साली प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधनावर स्त्रीचा पूर्ण व एकटीचा हक्क असल्याचे स्पष्ट केले. ते सासरी ठेवावयास दिले म्हणून सासरचे होत नाही. वधूला मिळालेली वस्त्रे या स्त्रीधनातच मोडतात. तेव्हा विक्रीच्या कागदावर सही त्या बाईची असावी आणि पैसे तिच्याच खात्यात जावेत. सासूबाई किंवा दीर लेहंगा घेऊन आले, तर चांगल्या दुकानदारिणीने चहा पाजून त्यांना परत पाठवावे. अशा दुकानात येणाऱ्या साऱ्याच काही कपाटात जागा नाही म्हणून येत नाहीत. काहींना घर सोडावे लागलेले असते, काहींचे पती गेलेले असतात, आणि त्या पेटीत त्यांच्या स्वतःच्या नावावर असे तेवढेच उरलेले असते. आजीच्या काठातली चांदी गेली, पण नातीच्या लेहंग्यातले हातकाम असे अखंड विकले गेले तर कुकरापेक्षा पुष्कळ अधिक हाती येते.

घेणाऱ्या वधूची बाजूही पाहू. लेहंग्याला नाडी असते, तो कमरेला जमवून घेता येतो. प्रश्न चोळीचा. जाणत्या शिंप्याने शिवणीच्या आत दोन्हीकडे माया सोडलेली असते, ती उसवून चोळी इंच-दोन इंच मोठी करता येते. उसवल्यावर जुन्या टाक्यांची एक फिकट रेघ कापडावर उरते. दुकानदारिणीने ती लपवू नये, उजेडात नेऊन दाखवावी. बहुतेक वेळा तीवर एक मोत्यांची ओळ टाचली की ती झाकली जाते, आणि शाहपूर जाटमध्ये हे काम करणारा कारागीर वरच्या मजल्यावरच सापडतो.

किनारी बाजार रविवारी बंद असतो, तेव्हा बेत त्याप्रमाणे आखावा. आणि आपल्या घरातले एखादे वस्त्र विकावयास न्यायचे ठरले असेल, तर ओढणी, पावती आणि शिंप्याने परत दिलेला उरल्यासुरल्या कापडाचा तुकडा बरोबर घ्यावयास विसरू नये. तो तुकडा असला, तर मायेत कमी पडलेली जागा त्याच कापडाने भरून काढता येते.