मोतमाउलीच्या टेकडीवरील सदन

मुंबईस गेलेला गोमंतकीय, मग तो हिंदू असो वा ख्रिस्ती, वांद्र्याच्या मोतमाउलीस बहुधा जाऊन येतोच. चर्चबाहेर मेणाचे हात, पाय, बाहुल्या मांडून विक्रेते बसलेले असतात. ज्याचा जो अवयव दुखतो, त्याची मेणाची प्रतिकृती तो मातेच्या चरणी अर्पण करतो. खाली अरबी समुद्र पसरलेला असतो.

नवसांच्या याच टेकडीवर 'शांती अवेदना सदन' उभे आहे. शस्त्रक्रिया, किरणोपचार, नवससायास सारे करूनही ज्यांचा कर्करोग हटला नाही, त्यांचे हे विश्रामस्थान. कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. लुईस जुझे डिसोझा यांनी १९८६ साली स्थापिलेले हे भारतातील पहिले हॉस्पिस होय. पुढे दिल्लीत आणि आपल्या गोव्यातही त्याच्या शाखा निघाल्या. येथे जातधर्म विचारला जात नाही आणि शुश्रूषेचे मोलही घेतले जात नाही. भाषेच्या शिक्षकाला 'अवेदना' या शब्दाशी क्षणभर थांबावेसे वाटते. नामकर्त्याने रोगमुक्तीचे अभिवचन दिलेले नाही. वेदनामुक्तीचे मात्र दिले आहे.

मध्ययुगीन युरोपात यात्रेकरूंच्या धर्मशाळेस 'हॉस्पिस' म्हणत. त्या शब्दाला आजचा अर्थ दिला तो सिसिली साँडर्स यांनी. प्रथम परिचारिका आणि पुढे डॉक्टर झालेल्या या विदुषीने १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडले. देहाचे दुखणे, मनाची भीती, कुटुंबाची चिंता आणि 'हे माझ्याच वाट्याला का?' हा प्रश्न, या साऱ्यांची मिळून एकच वेदना होते, असे त्या मानीत.

म्हणूनच येथील वैद्यक निराळे असते. कळ असह्य होण्याची वाट न पाहता मॉर्फिन तोंडावाटे, सामान्यतः दर चार तासांनी, घड्याळ लावून दिले जाते. त्याने मलावरोध होतो, म्हणून सोबत सारक औषध असते. परिचारिका साधारण दर दोन तासांनी कूस पालटते, म्हणजे पाठीस शय्याव्रण होत नाहीत. कोरडे पडलेले ओठ ओल्या कापडाने टिपले जातात. चिघळलेल्या जखमेच्या दुर्गंधीने रुग्ण स्वतःच आप्तांपासून दूर सरतो. अशा जखमेवर मेट्रोनिडाझोलची पूड टाकली, की दुर्गंधी ओसरते आणि नातवंडे पुन्हा खाटेजवळ येतात. अखेरच्या दिवसांत अन्नावरची वासना स्वाभाविकपणेच जाते. तेव्हा बळेच घास भरविला जात नाही.

मॉर्फिनचे नाव काढताच आपल्याकडे व्यसनाची धास्ती वाटते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने तर ते मिळणेच दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी मोकळी झाली. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वेदनेच्या मापाने दिलेले मॉर्फिन रुग्णाला व्यसनी करीत नाही. ते त्याला झोप देते आणि आप्तांशी दोन शब्द बोलण्याचे बळ देते.

'आता करण्यासारखे काही उरले नाही, घरी न्या,' हे वाक्य कित्येक कुटुंबांनी ऐकले असेल. वाचकहो, ते ऐकून मुकाट्याने परतू नये. 'रोग जाऊ दे, पण याचे दुखणे कोण थांबवील?' असे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. त्या प्रश्नाला आज उत्तर आहे, आणि ते मागण्याचा अधिकार प्रत्येक रुग्णाला आहे.