मानेवरची गाठ

माणसाला स्वतःची मान दिसत नाही, हे बरेही आहे आणि वाईटही. माझ्या मानेवर मागे हरभऱ्याएवढी गाठ दोन वर्षे होती. दुखत नव्हती, खुपत नव्हती. कॉलरखाली ती लपवूनच मी नांदेडहून लातूरला शिकायला आलो. लपवण्याचे कारण लाज नव्हे, भीती. आमच्या आत्याने छातीतली गाठ अशीच वर्षभर लपवली होती. आत्या आता भिंतीवरच्या फोटोत आहे.

दिवाळीच्या सुमारास वसतिगृहातल्या मित्राला गाठीवरचा काळा ठिपका दिसला. "अरे, ही तर पुटकुळी!" म्हणत त्याने दोन्ही अंगठ्यांनी ती दाबली. तिसऱ्या दिवशी गाठ लिंबाएवढी झाली. लाल, गरम, ठणकणारी. अहमदपूर, लोहा करीत एस. टी. नांदेडला पोहोचेपर्यंत प्रत्येक खड्डा मानेत बसला.

घरी आजी बिब्बा घेऊनच पुढे आली. "लावू दे रे लेकरा, गळूच हाय ते. उद्या फुटंल." बिब्ब्याने कातडी भाजते, हे मी पाहिलेले होते. मी तिचा हात धरला आणि तोंडातून एकदम आत्याचे नाव गेले. आजी गप्प झाली. बिब्बा डब्यात ठेवून तिने वडिलांना हाक मारली.

दवाखान्यात मी डॉक्टरीणबाईंना विचारले, "कॅन्सर आहे का?" त्या हसल्या नाहीत, हे मला फार आवडले. म्हणाल्या, "कातडीच्याच पेशींची ही पिशवी. आत केराटिन साचते. नखे, केस ज्याचे बनतात तेच. मधला काळा ठिपका ही तिची ओळख. दाबल्यामुळे पिशवी आत फुटली, म्हणून सूज आणि पू. कॅन्सर अशा गाठीत क्वचितच निघतो. तरी काढल्यावर तपासून घेऊ."

मधुमेह नाही ना, हे आधी पाहिले. मग बधिरतेचे इंजेक्शन, लहानसा छेद, आणि नाक धरावे असा वास! नुसत्या गोळ्यांनी साचलेला पू जात नाही, त्याला वाटच द्यावी लागते. पिशवी मात्र त्या दिवशी काढली नाही. सुजलेली पिशवी फाटते, आणि तुकडा राहिला तर गाठ पुन्हा येते. दीड महिन्याने लातूरला ती अखंड काढली. रिपोर्ट आला : साधी गाठ.

पुढे वाचनात आले, की 1821 साली इंग्लंडच्या चौथ्या जॉर्ज राजाच्या डोक्यावरची अशीच गाठ ॲस्टली कूपर या शल्यवैद्याने काढली व सरदारकी मिळवली. ईथरची भूल यायला तेव्हा पंचवीस वर्षे होती. राजालाही दुखलेच असेल!

रिपोर्ट घेऊन घरी गेलो. आजीने तो उलटसुलट पाहिला, वाचता येत नसूनही. मग दार लोटून हळूच म्हणाली, "माज्या बी पाठीवर एक हाय, लई दिसाची. त्या बाईला दाखवू का रे?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे रांगेत उभे होतो.