ओवीची ओळ कुठे तोडायची?

वृत्त ओळखणं माझ्या रोजच्या कामाला जवळचं आहे. ऱ्हस्व अक्षर लघु, 1 मात्रा. दीर्घ असेल किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात येत असेल तर गुरू, 2 मात्रा. भुजंगप्रयात म्हणजे लघु-गुरू-गुरू हा 'य' गण चार वेळा: 12 अक्षरं, 20 मात्रा. रामदासांचे 'मनाचे श्लोक' यातच आहेत. मोरोपंतांच्या आर्येत गणांचा साचा नाही, मात्रा मोजायच्या. इतकं कोडमध्ये बसवायला एक शनिवार पुरतो.

अभंगात लघु-गुरूचा हिशेब सुटतो. मोठा अभंग 6, 6, 6, 4 अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. गाथेत एखादं अक्षर कमी-जास्त सापडतंच, पण म्हणताना ते कुणाला खटकत नाही. टाळ सांभाळून घेतो.

माझं घोडं अडलंय ते ओवीपाशी. ज्ञानेश्वरीतली ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची: पहिल्या तिघांना यमक, शेवटचा आखूड, अक्षरसंख्या सैल. आजीची ओवी जात्यावरची. आजी 84 वर्षांची आहे, तिच्या ओव्या कुठेही लिहिलेल्या नाहीत. नुसतं बसवून विचारलं तर तिला दोन आठवतात. घरातलं जातं आता लग्नात हळद दळण्यापुरतंच निघतं. ते मांडून खुंटा हातात दिला, तर एका बैठकीत 23 ओव्या आल्या, त्यातल्या पाच माझ्या वडिलांच्या जन्माच्या. वडिलांनी त्या कधी ऐकल्याच नव्हत्या.

रेकॉर्डिंग ऐकून टाइप करताना प्रश्न पडतो, ओळ कुठे तोडायची? शब्दाच्या मधेच ती श्वास घेते, 'गं' लांबवते, आणि जात्याची फेरी पुरी झाली की पुढचा शब्द येतो. गझलेत हा पेच नाही. काफिया-रदीफ आले की शेर संपला, आणि प्रत्येक शेर आपापल्या पायावर उभा. मुक्तछंदात ओळ कवीच्या मर्जीने तुटते. कवी अनिलांच्या 'भग्नमूर्ती'त (1940) ती मर्जी अनिलांची आहे. आजीची ओवी मी तशी तोडली, तर मर्जी माझी होईल. (मित्र म्हणतो, चार-चार शब्दांवर तोड, छान दिसेल. दिसेलही.)

सध्या फाइलमध्ये प्रत्येक ओवी सलग एका ओळीत आहे, आणि जिथे जिथे जात्याची फेरी पुरी झाली, तिथे एक उभी रेघ.