गवती चहाचा ठोंब

नव्या घरात पहिल्या संध्याकाळी हमखास सापडत नाही ते चहाचे पातेले. ज्यांनी बिऱ्हाड हलवले आहे, त्यांना हे पटेल. आम्ही तर प्रत्येक खोक्यावर मार्करने नाव घालून आणले होते. दोघेही शिक्षक असल्याने कपाटांवर चिठ्ठ्या लावायची सवयच. पण ‘स्वयंपाकघर’ लिहिलेल्या खोक्यातून लेकीची आठवीची पुस्तके निघाली आणि पातेल्याचा पत्ता नाही. शेवटी कुकरचे भांडे गॅसवर चढवले.

ही गोष्ट जून २०२४ मधली. त्याआधी सोळा वर्षे आम्ही दापोली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळांत नोकरी केली. मूळ गाव सोलापूर जिल्ह्यात. २००८ साली रुजू झालो तेव्हा वाटले होते, चार-पाच वर्षांत आंतरजिल्हा बदली होईल. ज्यांच्या घरात शिक्षक आहेत, त्यांना या शब्दाचे वजन सांगायला नको. तिकडच्या जिल्ह्यात जागा रिकामी हवी आणि आमच्या बाबतीत ती उर्दू माध्यमाचीच हवी. अर्ज भरायचा, यादी लागली की नाव शोधायचे आणि मग अब्बांचा फोन घ्यायचा. “हुई क्या रे बदली?” हा त्यांचा प्रश्न. “इन्शाअल्लाह, अगले साल,” हे आमचे ठरलेले उत्तर.

२०२१ मध्ये अब्बा गेले. दापोलीहून रात्रभर प्रवास करून आम्ही पोहोचलो, तोवर मिट्टी झाली होती. बदलीचा आदेश आला तो त्यानंतर तीन वर्षांनी. तो हातात पडला तेव्हा फोन कुणाला करायचा, हेच क्षणभर सुचेना.

शाळा मिळाली तालुक्याच्या गावात. आमच्या खेड्यापासून चाळीस किलोमीटर. अम्मी तीन वर्षे तिथे एकट्याच राहत होत्या. आता त्यांनी आमच्याबरोबर राहायचे, असे आम्ही ठरवले. आम्ही ठरवले, हे शब्द आज लिहिताना जरा खटकतात. त्यांना आम्ही विचारले होते, पण सामान बांधून झाल्यावर.

घर शोधायला दोन रविवार गेले. दोन ठिकाणी आमचे नाव विचारेपर्यंत घर रिकामे होते. नाव सांगितल्यावर मालकांचा पुतण्या राहायला येणार असल्याचे कळले. दोन्ही घरांत पुतण्याच. वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिसरे घर एका निवृत्त एसटी ड्रायव्हरचे, वरचा मजला. त्यांनी नाव ऐकले, मान डोलावली आणि एकच प्रश्न विचारला, “पाणी जपून वापराल ना? नळ रोज येत नाही.” आम्ही हो म्हणालो. अल्हम्दुलिल्लाह, घर मिळाले.

आता गवती चहाविषयी. दापोलीत आमच्या शेजारी एक आजी राहत. त्यांच्या परसात गवती चहाचे मोठे बेट होते. कोकणात पावसाळ्याचे चार महिने कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते आणि मुले आळीपाळीने शिंकत असतात. सोळा पावसाळे आम्ही त्या बेटाच्या जिवावर काढले, असे म्हटले तरी चालेल. निघायच्या आदल्या दिवशी आजींनी कुदळीने एक ठोंब काढला, रंगाच्या रिकाम्या बादलीत मातीसकट बसवला आणि विळ्याने त्याची पाने वीतभर ठेवून छाटून टाकली. आम्हाला वाईट वाटले. आजी म्हणाल्या, “पानं ठेवली तर मुळांना पेलणार नाहीत. पाणी घालत राहा. पिवळा पडला म्हणून उपटून टाकू नका. मूळ धरायला वेळ लागतो.” छाटलेली पाने त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. पहिल्या संध्याकाळी कुकरच्या भांड्यात पडली ती हीच पाने.

आमची रीत साधी आहे. चार जणांसाठी पाच-सहा पाती घ्यायची, धुवायची आणि त्यांची गाठ मारून पाण्यात टाकायची. पातीची कड धारदार असते. घाई केली की बोट कापते. गाठ मारल्याने गाळताना त्रास होत नाही आणि पाती चुरगळून वासही चांगला सुटतो. लिंबासारखा तो वास सिट्रल नावाच्या घटकाचा. लिंबाच्या सालीतही तोच असतो. बरोबर अंगठ्याएवढे आले ठेचून घालायचे. पाणी पाच मिनिटे उकळले की थोडी चहापूड, मग गूळ. दूध मात्र गॅस बंद केल्यावर आणि तेही गरम केलेले. गुळाच्या चहात दूध घालून उकळत ठेवले, की बहुधा फाटते.

हे सगळे माहीत असून त्या संध्याकाळी आमच्यातल्या बाईंनी घाईत उकळत्या चहात दूध ओतले. व्हायचे तेच झाले. ते भांडे रिकामे करून पुन्हा पाणी चढवले आणि या वेळी बिनदुधाचाच केला. कपांचे खोके सापडले नव्हते, म्हणून स्टीलच्या वाट्यांत ओतला. लेक वाटीवर तोंड नेऊन म्हणाली, “दापोलीचा वास आला.” तोवर ती दिवसभर कुणाशी बोलली नव्हती.

अम्मी दाराजवळ आपल्या लोखंडी पेटीवर बसल्या होत्या. सगळे सामान आत गेले, ती पेटी तिथेच. त्यांनी वाटी हातात घेतली, वास घेतला आणि आमच्यातल्या सरांना विचारले, “घास उबाली क्या रे ये? हमारे यहाँ बैल खातें घास.” आम्ही हसलो, त्या हसल्या नाहीत. दोन घोट घेऊन त्यांनी वाटी खाली ठेवली. “नक्को बा.”

आठवड्यावर बकरी ईद होती. ती आम्ही गावी केली. परत निघताना अम्मी बराच वेळ अब्बांच्या खोलीत बसून होत्या. चाळीस किलोमीटरच्या प्रवासात त्या एक शब्द बोलल्या नाहीत. इकडे येऊन पाहतो तर गच्चीतल्या बादलीतला ठोंब पिवळा पडलेला. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. इकडे त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. शिवाय चार दिवस त्याला कुणी पाणी घातले नव्हते. आमच्यातले सर म्हणाले, “गेला हा.” बाई म्हणाल्या, “आजींनी उपटू नका म्हणून सांगितलंय.” मग तो तसाच राहिला.

शाळा सुरू झाल्या. आम्ही सकाळी बाहेर पडायचो ते संध्याकाळी परत. अम्मी दिवसभर एकट्या. पेटी अजून उघडलेली नव्हती. रोज लागणारे दोन जोड कपडे पिशवीतच होते. रोज रात्री एकच प्रश्न, “मैं गाँव कब जाऊँ?” आम्ही समजावत असू. इथे डॉक्टर जवळ आहे, नात आहे, मशिदीची अजान ऐकू येते. हे सगळे खरे होते. पण आम्ही सोळा वर्षे परक्या जिल्ह्यात काढून घरी परतलो होतो आणि त्याच दिवशी अम्मींना त्यांच्या घरातून उठवून आणले होते, हे आमच्या लक्षात यायला बरेच दिवस लागले.

जुलैत एकदा शाळा लवकर सुटली. घरी आलो तर अम्मी गच्चीत पाटावर बसून वुजू करत होत्या आणि हातापायांचे पाणी ओघळून बादलीत ठोंबावर पडत होते. आम्हाला पाहून म्हणाल्या, “पानी फेकना काय कू? ये बेचारा बी परदेसी है.” किती दिवसांपासून हे चालू होते कोण जाणे. वाकून पाहिले, तर पिवळ्या पानांच्या मधोमध बोटभर हिरवे कोंब आलेले.

त्यानंतर आम्ही समजावणे सोडले. एक आड एक रविवारी अम्मींना गावी न्यायचे ठरवले, या वेळी त्यांना विचारून. दिवसभर त्या घर झाडतात, अब्बांची खोली उघडतात, शेजारणींशी बोलतात. संध्याकाळच्या एसटीने आम्ही परततो. पहिल्या दोन खेपांना त्यांना उठवून आणावे लागले. तिसऱ्या खेपेला त्याच म्हणाल्या, “चलो, पौधे को पानी नहीं।”

सप्टेंबरमध्ये पाने कमरेएवढी झाली. एका संध्याकाळी भिजत घरी आलो तर जिन्यातच वास आला. वर पेटी उघडी होती. अम्मी गॅसजवळ. सापडून तीन महिने झालेले पातेले त्यांनी बाजूला ठेवले होते आणि पेटीतून काढलेल्या आपल्या जुन्या जर्मनच्या पातेल्यात चहा केला होता. गवती चहाबरोबर सुंठ, चार काळे मिरे आणि गूळ. पूर्वी अब्बा रात्रपाळीचे पाणी द्यायला शेतावर जात, पहाटे भिजून परतत, तेव्हा सुंठ-मिऱ्यांचा असाच काढा त्या करत. आता त्यात ‘घास’ची भर पडली होती. जन्नतच्या पेयात जंजबील, म्हणजे आले, मिसळलेले असेल असा उल्लेख सूरह दहरमध्ये आहे, हे त्यांनीच लेकीला सांगितले. चहा आम्ही चौघांना पुरून उरेल एवढा होता. शोरब्यात पाणी वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवावी, ही शिकवण अम्मींनी चहालाही लावली होती. एक पेला झाकून त्यांनी लेकीबरोबर खाली मालककाकांकडे पाठवला.

मग आपला पेला घेऊन त्या उंबऱ्याजवळ बसल्या. एक घोट घेतला आणि सहज म्हणाल्या, “तेरे अब्बा कू अच्छा लगता ये.”

आम्ही दोघेही काही बोलू शकलो नाही. अब्बा होते तेव्हा सुट्टीत आम्ही गावी यायचो. कोकम आणायचो, फणसाची साटे आणायचो. हा ठोंब आणावा, त्यांना एकदा असा चहा करून द्यावा, हे कधी मनातच आले नाही. बदली झाल्यावर करायच्या गोष्टींची एक मोठी यादी होती आणि सगळे तिच्यात टाकत गेलो. अम्मींनी आमच्याकडे पाहिले. “पियो, ठंडा होरा,” एवढेच म्हणाल्या.

अजूनही अम्मींचे मन गावातच आहे. पण पेटी आता आतल्या खोलीत गेली आहे आणि तिच्यावर लेक अभ्यासाला बसते. परवा अम्मींनी ठोंब बादलीतून काढून त्याचे तीन भाग केले, आजींनी केली होती तशीच वीतभर छाटणी केली. एक आमच्यासाठी, एक मालककाकांच्या अंगणात. तिसरा ओल्या गोणपाटात बांधून दाराशी ठेवला आहे. येत्या रविवारी तो गावी, अब्बांच्या खोलीसमोर लावायचा आहे. तिथे रोज पाणी कोण घालणार, असे आमच्यातल्या सरांनी विचारले. अम्मी म्हणाल्या, शेजारणीला सांगून ठेवले आहे, तिला फक्त एवढेच बजावायचे आहे की पिवळा पडला तरी उपटू नकोस.