सात नंबरचा जुना रस्ता

फ्रान्स देशात पॅरिसहून दक्षिणेच्या समुद्राकडे मोटारीने जायला दोन वाटा आहेत. एक वाट एक्सप्रेस हायवेची. ताशी १३० किलोमीटरची मर्यादा, जागोजागी टोल, आणि सकाळी निघालेला माणूस रात्रीच्या जेवणाला समुद्रकाठच्या नीस शहरात हजर! दुसरी वाट जुन्या राष्ट्रीय रस्ता क्रमांक ७ ची. पॅरिसपासून इटलीच्या सीमेवरील मांतों गावापर्यंत सुमारे ९९६ किलोमीटर. ती नदीकाठाने, बाजारपेठांमधून, दुतर्फा झाडांच्या सावलीतून जाते आणि तिला आठ-दहा दिवस लागतात. येत्या मे महिन्यात आम्ही या दुसऱ्या वाटेने जाण्याचे ठरविले आहे. त्याची आखणी करताना जे समजले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

एका कारकुनाने फ्रान्सच्या गोष्टी कराव्यात याचे काहींना नवल वाटेल. आमची भाची नोकरीनिमित्त पॅरिसला असते. तिने तिथला वाहन परवानाही काढला आहे. विमानाच्या तिकिटांसाठी आम्ही तीन वर्षे भिशी भरली. आम्ही पती-पत्नी, आमच्या मातोश्री आणि भाची असे चौघे एका भाड्याच्या गाडीत मावतो.

भाचीचे म्हणणे सरळ होते. "मामा, हायवेने एका दिवसात पोहोचू आणि उरलेले दिवस समुद्रावर आरामात राहू." तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. दहा दिवसांची रजा म्हणजे काय, हे नोकरदाराला सांगायला नको. पण मातोश्रींचे वय सत्तरीचे. तासाभरापेक्षा जास्त वेळ त्यांना एका जागी बसवत नाही. त्या फोनवर नातीला म्हणाल्या, "बाई, नुसतं पळायचंच असेल तर मी घरीच बरी. मला माणसं बघायची आहेत, शेतं बघायची आहेत." तेव्हा निकाल लागला. जाताना जुना रस्ता आणि येताना नीसहून पॅरिसला आगगाडी. आगगाडी साधारण सहा तासांत आणून सोडते.

हा रस्ता निवडण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते कष्टकरी माणसाच्या जवळचे आहे. नीसचा समुद्रकिनारा पूर्वी धनिकांचा होता. इंग्रज उमराव हिवाळा घालवायला तिथे येत. तिथल्या समुद्रकाठच्या रस्त्याचे नावच 'इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता' असे आहे. कामगाराला समुद्र कुठून दिसणार? १९३६ च्या मे-जून महिन्यांत फ्रान्सभर संप झाले. सुमारे २० लाख कामगार कामावरून उठले आणि पुष्कळ ठिकाणी कारखान्यातच ठाण मांडून बसले. लेऑं ब्लुम यांच्या सरकारने मालक आणि संघटना यांना एकत्र बसवून तडजोड घडवून आणली. जून १९३६ मध्ये कायदा झाला आणि प्रत्येक कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. त्याच वर्षी मंत्री लेओ लाग्रांज यांनी कामगारांसाठी रेल्वेचे ४० टक्के सवलतीचे तिकीट काढले. पहिल्याच उन्हाळ्यात सुमारे ६ लाख लोकांनी त्याचा लाभ घेतला. कित्येकांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. काही जण सायकलींवरूनच निघाले. धनिकांना या टोपीवाल्या गर्दीचा राग आला, वर्तमानपत्रांतून टिंगलही झाली. पण मिळालेली रजा कोणी परत दिली नाही.

१९५६ मध्ये रजेचा तिसरा आठवडा मिळाला आणि १९६९ मध्ये चौथा. दरम्यान छोट्या, स्वस्त मोटारी आल्या. टपावर सामान बांधून, मागे मुले कोंबून अख्खी कुटुंबे याच सात नंबरच्या रस्त्याने दक्षिणेला जाऊ लागली. लोक त्याला 'सुट्टीचा रस्ता' म्हणत. पुढे १९७० मध्ये पॅरिस ते मार्सेय असा एक्सप्रेस हायवे पुरा झाला. वाहने तिकडे वळली आणि जुन्या रस्त्यावरची हॉटेले, गॅरेजे ओस पडली. गावांतील घरांच्या भिंतींवर तेव्हाच्या रंगीत जाहिराती आजही पुसट दिसतात.

आता रस्ता कसा ओळखावा ते सांगतो. फ्रान्समध्ये 'ए' अक्षराचा रस्ता म्हणजे एक्सप्रेस हायवे, 'एन' म्हणजे राष्ट्रीय रस्ता आणि 'डी' म्हणजे जिल्ह्याचा रस्ता. निळी पाटी हायवेकडे नेते, हिरवी मोठ्या गावांकडे आणि पांढरी जवळच्या गावांकडे. आपल्याला निळी पाटी टाळावयाची आहे. मात्र 'सात नंबर' शोधत बसलो तर वाट चुकते, कारण २००६ मध्ये बरेच राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांकडे सोपविले गेले. एकाच रस्त्याला आता ठिकठिकाणी वेगळे नाव आहे. फोंतेनब्लोच्या बाजूला डी ६०७, पुढच्या जिल्ह्यात डी २००७, आणि अगदी शेवटी समुद्रकाठी डी ६००७. नाव बदलले तरी शेवटचा सात बहुतेक ठिकाणी टिकून आहे. मिशलॅं कंपनीचा कागदी नकाशा घेतला तर आणखी सोपे. त्यात ज्या रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ असते, तो निसर्गसुंदर रस्ता समजावा. मोबाईलमध्ये 'महामार्ग टाळा' ही खूण करता येते, पण दिवसाचा एकंदर अंदाज कागदावरच चांगला येतो.

पॅरिसमधून आम्ही रविवारी सकाळी निघणार आहोत. शनिवारी रात्री दहापासून रविवारी रात्री दहापर्यंत तिथे मोठ्या मालट्रकना बंदी असते, त्यामुळे रस्ता मोकळा मिळतो. पहिला टप्पा फोंतेनब्लोचे जंगल आणि राजवाडा. संध्याकाळी मोंतार्जी. हे गाव कालव्यांचे. जिकडे पाहावे तिकडे छोटे पूल आणि कठड्यांवर फुलांच्या कुंड्या. या गावाशेजारच्या रबराच्या कारखान्यात १९२२ च्या सुमारास एक चिनी तरुण मजुरी करीत होता. 'काम करा आणि शिका' या योजनेतून शेकडो चिनी विद्यार्थी तेव्हा फ्रान्सला आले होते, त्यांतला तो एक. त्याचे नाव डेंग झियाओपिंग. पुढे तो चीनचा सर्वोच्च नेता झाला. दिवसा काम आणि रात्री अभ्यास करणाऱ्या आपल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

दुसऱ्या दिवशी ब्रियार. इथे ल्वार नदीवर पूल आहे, पण त्यावरून मोटारी जात नाहीत. त्यावरून कालवा जातो! खाली नदी आणि वर पाण्यातून चालणाऱ्या बोटी. हा पूल १८९६ चा, लांबी ६६२ मीटर. दोन्ही बाजूंना पायवाट आहे, चालत पलीकडे जाता येते. ब्रियारच्या पुढे नव्हेर शहरापर्यंत जुन्या रस्त्याची जागा बरीचशी हायवेने घेतली आहे. म्हणून तिथे नदीकाठचे गावरस्ते धरावयाचे. द्राक्षांचे मळे आणि वाळूची बेटे बघत संध्याकाळपर्यंत नव्हेर येते.

तिसऱ्या दिवशी मूलँ, लापालिस, रोआन. लापालिस गावाची कथा मजेची आहे. उन्हाळ्यात इथे वाहनांची एवढी कोंडी होई की गावकरी बेजार होत. २००६ मध्ये गावाबाहेरून वळणरस्ता झाला आणि कोंडी संपली. तेव्हापासून दर दोन वर्षांनी हौशी लोक जुन्या मोटारी घेऊन येतात आणि मुद्दाम तशीच कोंडी करतात! ज्या गर्दीला गाव कंटाळले होते, तिचाच आता उत्सव होतो.

चौथ्या दिवशी रोआनहून सुमारे ७६० मीटर उंचीचा घाट चढून तारार आणि मग लिऑन. हा टप्पा अंतराने लहान, पण आमच्यासाठी सर्वांत मोठा. तारार हे मलमलीचे गाव. ज्या मलमलीसाठी बंगाल जगप्रसिद्ध होता, तसले कापड विणण्याचा धंदा इथे १८ व्या शतकात उभा राहिला. लिऑन हे रेशमाचे शहर. क्र्वा-रूस या टेकडीवर विणकरांची जुनी घरे आहेत. त्यांची छते साडेतीन-चार मीटर उंच, कारण माग उंच असत. माग आणि संसार एकाच खोलीत. १८३१ साली या विणकरांनी मजुरीचा किमान दर ठरवून मागितला. दर ठरला, पण व्यापाऱ्यांनी तो पाळला नाही, तेव्हा विणकर रस्त्यावर उतरले. 'काम करून जगू, नाही तर लढत मरू' अशी त्यांची घोषणा होती. १८३४ मध्ये ते पुन्हा उठले. दोन्ही वेळा सैन्य आणून त्यांना दडपण्यात आले.

आमचे वडील मुंबईत गिरणीत साच्यावर होते. लिऑनमध्ये आम्ही दोन रात्री ठेवल्या आहेत त्या यासाठी. आखणी करताना दोन तारखा आमच्या वहीत शेजारी-शेजारी आल्या. १६ जानेवारी १९८२ रोजी फ्रान्समध्ये कामगाराला पाचव्या आठवड्याची भरपगारी रजा देणारा वटहुकूम निघाला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, संप वर्षाहून अधिक काळ चालला आणि हजारोंच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या. आम्ही तेव्हा पाळण्यात होतो. वडील नंतर वॉचमन झाले. रजा म्हणजे बुडालेला पगार, एवढाच अर्थ आमच्या घराला ठाऊक होता. वडील आता नाहीत. विणकरांच्या त्या टेकडीवर मातोश्रींना घेऊन जावयाचे आहे. तिथे विणकरांचे एक संग्रहालय आहे आणि जुने माग चालवून दाखवितात. साच्याचा आवाज त्यांना ओळखीचा आहे.

लिऑनपासून रस्ता रोन नदीची सोबत धरतो. व्हिएनमध्ये रोमन काळातले देऊळ उभे आहे. मोंतेलिमारला मध, बदाम आणि अंड्याचा पांढरा बलक यांची नुगा नावाची मिठाई मिळते. लोणावळ्याला जशी चिक्की, तशी इथे नुगा. ये-जा करणाऱ्या मोटारींवरच हा धंदा वाढला. ओरांज गावी रोमन नाट्यगृहाची १०३ मीटर लांब आणि ३७ मीटर उंच भिंत अजून जशीच्या तशी आहे. आव्हिन्योंला नदीतच संपणारा पूल आहे. बावीस कमानींपैकी चारच उरल्या आहेत. मग एक्स शहर, लाल खडकांचे एस्तेरेल डोंगर, समुद्र, नीस आणि शेवटी लिंबांचे गाव मांतों.

आता हिशेब. गावाबाहेर या रस्त्यांवर वेगमर्यादा बहुतेक ताशी ८० ची, काही जिल्ह्यांत ९० ची. गावाच्या नावाची लाल काठाची पाटी दिसली की ५० सुरू होते, आणि नावावर तिरपी रेघ असलेली पाटी आली की गाव संपले. थांबत-थांबत तासाला सरासरी ५० किलोमीटर धरले, तर ९९६ किलोमीटरला वीस तास होतात. रोज अडीच तास चालविले तर आठ दिवस, लिऑनचा एक दिवस धरून नऊ. दहावा दिवस हातचा राखलेला. टोलचे हजारो रुपये वाचतात. पेट्रोल हायवेवर महाग, म्हणून गावातल्या सुपरमार्केटच्या पंपावर भरावे. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडली तर जादा आकार पडतो, तो आधीच विचारून घ्यावा.

जेवणाची वेळ सांभाळावी. दुपारी बारा ते दोन जेवण, दोननंतर गावातले स्वयंपाकघर बंद. 'रूतिए' अशी लाल-निळी गोल पाटी दिसेल तिथे ट्रक ड्रायव्हर जेवतात. जेवण पोटभर आणि दर माफक. पाण्याची बाटली विकत घेऊ नये, नळाच्या पाण्याची सुरई मागितली की फुकट मिळते. रविवारी दुपारनंतर आणि पुष्कळदा सोमवारीही दुकाने बंद असतात, तेव्हा पाव, फळे आदल्या दिवशी घ्यावीत. आमच्या सौभाग्यवतींनी मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेण्याचे ठरविले आहे.

गाडी उजव्या बाजूने चालवायची असते, आणि पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते. आपल्याकडचा परवाना असणाऱ्याने आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा.

एवढ्या दूर सगळ्यांनाच जाता येईल असे नाही. पण ज्यांची हक्काची रजा शिल्लक आहे त्यांनी ती घ्यावी, आईवडिलांना सोबत न्यावे, आणि जवळचा का असेना, रस्ता असा निवडावा की मध्ये उतरता येईल. रजेचा अर्ज मात्र दोन महिने आधी द्यावा. आम्ही आमचा दिला आहे आणि तो मंजूर होऊन आला आहे.