गंधार कुठे दडला?

नवा इअरफोन तपासायला घेतला की मी आधी नुसता तंबोरा ऐकतो. त्यावर गाणं नाही, ठेका नाही. मैफली रेकॉर्ड करणं आणि त्यांचं मिक्सिंग करणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे समोर बसून ऐकलेल्या तंबोऱ्याचं माझंच रेकॉर्डिंग हाताशी असतं, आणि मूळ आवाज कसा होता ते मला ठाऊक असतं. चित्रपटगीतात ही सोय नाही. स्टुडिओत त्यावर काय काय संस्कार झाले हे ऐकणाऱ्याला कळत नाही, मग इअरफोनने त्यात काय घातलं नि काय गाळलं हे तरी कशावरून ठरवायचं?

काळी एकमध्ये मिळवलेल्या तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा साधारण १३९ हर्ट्झवर बोलतात आणि खर्ज ६९ वर. पण तंबोऱ्याची खरी श्रीमंती या मूळ स्वरांच्या वर असते. घोडीचा किंचित गोलसर माथा आणि तारेखाली सरकवलेला दोरा यांमुळे जवारी लागते आणि वरचे स्वयंभू स्वर उमलतात. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे शांत राहणारे उपस्वर नेहमीच्या नियमाप्रमाणे उमटायला नकोत. तंबोऱ्यात ते उमटतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच घोडीच्या करामतीवर लिहिलं होतं. खर्जाच्या पाचपट, म्हणजे ३४६ हर्ट्झच्या आसपास जो गंधार ऐकू येतो, तो कुठल्याही तारेला लावलेला नसतो. माझी पहिली कसोटी तोच.

खर्ज फुगवून देणाऱ्या इअरफोनमध्ये तो गंधार नाहीसा होत नाही, दडतो. खालचा जोरकस स्वर वरच्या नाजूक स्वराला झाकतो, हा आपल्या कानाचाच स्वभाव आहे. डग्ग्याचा घिस्सा अशा इअरफोनवर झोकदार वाटतो, पण त्याच्या मागे तंबोरा नुसता गुणगुणत राहतो. याउलट काही इअरफोन पाच ते आठ हजार हर्ट्झचा पट्टा उजळवतात. तिथे जवारी झळाळते, तबल्याची चाट लखलखते आणि गायकाचा प्रत्येक ‘स’ कानाला टोचतो. पहिल्या पाच मिनिटांत याला लोक ‘स्पष्टपणा’ म्हणतात. विलंबित ख्याल संपेपर्यंत डोकं दुखायला लागतं.

हे फरक खरे आहेत, पण ते ऐकू येण्याआधी दोन खोटे फरक बाजूला काढावे लागतात.

पहिला, आवाजाच्या पातळीचा. फोनवर आवाजाची रेघ तीच ठेवली तरी दोन इअरफोन सारखे मोठे वाजत नाहीत, कारण प्रत्येकाची संवेदनशीलता वेगळी. एखाद्या डेसिबलचा फरक ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही. तो ‘जास्त भरीव’, ‘जास्त मोकळा’ म्हणून जाणवतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवलं, की आवाज कमी केला की कानाला खालचे स्वर वरच्यांपेक्षा जास्त क्षीण वाटतात. म्हणजे किंचित हळू वाजणारा इअरफोन विनाकारण खर्जात दुबळा ठरतो. मी छोट्या नळीत मायक्रोफोन बसवून आधी पातळी मापून घेतो. तेवढं केलं की निम्मे वाद तिथेच मिटतात.

दुसरा, बसण्याचा. सिलिकॉनची टोपी कानात घट्ट बसली नाही तर खर्ज गळून जातो आणि शिव्या ड्रायव्हरला, म्हणजे इअरफोनमधल्या आवाज काढणाऱ्या भागाला, बसतात. सोबत दिलेल्या तीन मापांपैकी उजव्या कानाला एक आणि डाव्याला दुसरं लागणं यात नवल नाही. टोपी न बदलता इअरफोन बदलणाऱ्यांचे पैसे मात्र वाया जातात.

त्यानंतर प्रश्न उरतो तो कानाच्या घडणीचा. मोठ्या माणसाची कर्णनलिका जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तीन हजार हर्ट्झच्या आसपास आवाजाला नैसर्गिक उठाव देते. इअरफोन ती नळीच बुजवतो, त्यामुळे तो उठाव त्याला स्वतः पुरवावा लागतो. कमी पडला तर गायक पडद्याआड गेल्यासारखा वाटतो, जास्त झाला तर अंगावर येतो. आलेख काढण्याचं यंत्र सरासरी कानावर बेतलेलं असतं. तुमची नलिका सरासरीची नसेल, तर वरच्या पट्टीत आलेख एक सांगतो आणि कान दुसरं.

डायनॅमिक ड्रायव्हर चांगला की बॅलन्स्ड आर्मेचर, या वादात मी फार पडत नाही. बॅलन्स्ड आर्मेचर श्रवणयंत्रांतून आलं. एटिमॉटिक कंपनीने १९९१ मध्ये ईआर-४ हा इअरफोन काढून ते संगीत ऐकणाऱ्याच्या कानात खोलवर बसवलं. त्या घराण्यात जवारीचे कण सुटे ऐकू येतात, डायनॅमिकमध्ये डग्ग्याचा घुमारा अंगाला जाणवतो, हे ढोबळमानाने खरं. पण बनवणाऱ्याने स्वरांचा समतोल कसा राखलाय याचा परिणाम प्रकारापेक्षा मोठा असतो.

एक काढून दुसरा घालेपर्यंत पहिल्याच्या आवाजाचा बारकावा आठवणीतून निसटू लागतो. म्हणून मी दहा सेकंदांचा एकच तुकडा ऐकतो, इअरफोन काढण्याआधी दोन ओळी लिहितो आणि मगच दुसरा लावतो. दोन्हीकडे तोच तुकडा, तोच प्रश्न: गंधार कुठे आहे?

‘कुठला घेऊ?’ असं विचारणाऱ्याला मी म्हणतो, खिशाला परवडेल तो घ्या आणि वर्षभर बदलू नका. माझा रोजचा इअरफोन खर्ज हात राखून देतो, हे मला पाठ आहे. म्हणून मिक्समध्ये खर्ज कमी वाटला तरी मी तो लगेच वाढवत नाही. आधी स्पीकरवर ऐकतो. दोष माहीत असला की तो हिशेबात धरून काम करता येतं. दर महिन्याला नवा इअरफोन घेणाऱ्याला हा हिशेब कधीच बसत नाही.