शिरपूरच्या मुक्कामातली कॉफी

शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला मुक्कामी जाताना लेक मोका पॉट घेतेच. माझी अट एकच, नवकारशीचं पच्चक्खाण पारल्याशिवाय कॉफी नाही. म्हणजे सूर्योदयानंतर 48 मिनिटं थांबायचं.

पाणी दुहेरी कापडातून गाळायचं, जिवाणी त्याच विहिरीत सोडायची. शेगडी पुंजून घ्यायची. खालच्या भांड्यात गरम पाणी, झडपेच्या खालपर्यंतच. पूड सपाट भरायची, दाबायची नाही. आच मंद. गुरगुर ऐकू आली की लगेच उतरवायचं, नाहीतर कडवट होते.

एस्प्रेसो यंत्राचा दाब साधारण 9 बार, याचा दीडेक. तरी कॉफी दाट उतरते.

पूर्वी कुरकुरणारी लेक आता ती 48 मिनिटं माळ घेऊन बसते.